'मेलो' म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीत फळ मेलो (mellow) असतं, चेलो या तंतुवाद्याचा आवाज मेलो असतो, उतरतं ऊन मेलो, जुन्या विटांची भिंत मेलो, वय झालेले हेडमास्तर मेलो आणि दोन पेले पोटात गेलेला पाहुणाही मेलो. कोश उघडावा तर मऊ, पक्व, रसाळ, मधुर, सौम्य, मवाळ, शांत असे शब्द ओळीने उभे असतात आणि त्यांतला कुठला कधी उचलायचा हे सांगायला कोणी नसतं. भाषांतर करणारे, इंग्रजी शिकवणारे आणि वाचता वाचता या शब्दाला अडखळणारे जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे घेतले आहेत.

एका दमात अर्थ सांगता येईल का?

येईल. जे आधी कडक, आंबट, तुरट, कर्कश किंवा तापट होतं, आणि काळ गेल्यावर ज्याची ती धार गेली व गोडवा राहिला, ते मेलो. वाक्यात हा शब्द भेटला की स्वतःला एकच विचारायचं: 'हे आधी कसं असलं असतं?' फळ आधी कडक होतं, माणूस आधी रागीट होता, दारू आधी जहाल होती. उत्तर मिळालं की मराठी शब्द शोधणं निम्म्याने सोपं होतं. काही ठिकाणी हा 'आधी' प्रत्यक्षात नसतो, नुसता गृहीत असतो. चेलो काही पूर्वी कर्कश नव्हता, पण ऐकणाऱ्याच्या मनात व्हायोलिनची किंवा ट्रम्पेटची धार असतेच आणि तिच्या तुलनेत चेलो मेलो ठरतो.

मग सॉफ्ट आणि मेलो यात फरक काय?

उशी सॉफ्ट असते, मेलो नसते. तान्ह्या बाळाचे गाल सॉफ्ट असतात. त्यांना मेलो म्हटलंत तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल, कारण त्या गालांनी अजून काही पाहिलेलंच नाही.

आपली अडचण इथेच होते. मराठीत मऊपणाचं नातं बहुतेक वेळा कोवळेपणाशी जुळतं: कोवळी पालवी, कोवळं वय, कोवळं मन. जे नुकतं उमलतंय ते मऊ आणि जे जून झालं ते निबर, अशी आपली सवय. भेंडी जून झाली म्हणजे फेकायची वेळ आली. इंग्रजीतही ही जोडी आहे, पण तिच्यासाठी 'टेन्डर' हा वेगळा शब्द आहे. मेलो अगदी उलट टोकाला उभा आहे. त्याचा मऊपणा कोवळेपणाचा नाही, वय झाल्याचा आहे. म्हणून मेलोच्या जागी 'कोवळा', 'नाजूक', 'हळुवार' घातलं की वाक्य मराठीत छान वाटतं आणि अर्थ मात्र उलटा होतो.

फळाच्या बाबतीत हा शब्द नक्की काय सांगतो?

हा त्याचा सगळ्यात जुना अर्थ. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द आला तोच पिकून मऊ, गोड आणि रसाळ झालेल्या फळासाठी. बाकी सगळे अर्थ या फळातूनच पुढे निघाले.

पिकताना फळात तीन-चार गोष्टी एकदम होतात. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विकरांमुळे विरघळू लागतं, म्हणून गर सैल होतो. पिष्टमय पदार्थांची साखर होते. आम्लं कमी होतात. वास सुटतो. सफरचंद, पेअर, केळी अशा फळांत या सगळ्याची किल्ली इथिलीन नावाचा वायू फिरवतो, जो फळ स्वतःच सोडतं.

पर्सिमॉन या फळाच्या तुरट जाती घ्या. कच्चं फळ चावलं तर तोंडाला अशी मिठी बसते की पुढचा घास घेववत नाही. त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, विरघळणारं असतं आणि ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. तेच फळ काही दिवस ठेवलं, साल पातळ आणि जवळजवळ पारदर्शक दिसू लागली, आतला गर चमच्याने खाण्याइतका ढिला झाला, की टॅनिन जातं कुठेच नाही. ते विरघळणं बंद करतं, त्यामुळे जिभेला जाणवत नाही. तुरटपणाचा मागमूस राहत नाही आणि मधासारखी चव लागते. मेलो शब्दाचा अख्खा अर्थ या एका फळात पाहायला मिळतो.

मराठीत फळासाठी 'पिकून मऊ झालेलं', 'छान पिकलेलं', 'रसाळ' यांतलं काहीही चालतं. 'पाडाला आलेलं' मात्र नको. पाड म्हणजे पिकण्याची सुरुवात आणि मेलो म्हणजे ते काम पूर्ण झाल्याची अवस्था.

'राइप' आणि मेलो एकच का?

जवळचे आहेत, एक नाहीत. राइप म्हणजे वेळ भरली. कणीस राइप होतं, मिरची राइप होते, पण म्हणून ती मऊ किंवा गोड होत नाही. मिरचीला मेलो म्हणून पाहा! मेलोमध्ये पक्वतेबरोबर मऊपणा आणि गोडवा दोन्ही लागतात. शिवाय राइपच्या पुढे 'ओव्हरराइप' म्हणजे उतरलेलं फळ येतं. मेलोला अशी पुढची पायरी रोजच्या भाषेत नाही. जॉन कीट्सने 1819 च्या सप्टेंबरमध्ये शरद ऋतूवर लिहिलेल्या कवितेच्या पहिल्याच ओळीत हा शब्द फळांच्या सुगीला जोडला, आणि तेव्हापासून इंग्रजी वाचकाच्या मनात शरद ऋतू आणि मेलो यांची गाठ पक्की बसली आहे.

'मॅच्युअर' म्हणजे मेलोच ना?

नाही, आणि हे पटवायला चेडर चीज पुरेसं आहे. ब्रिटनमध्ये चेडरच्या वेष्टनावर माइल्ड, मीडियम, मॅच्युअर, एक्स्ट्रा मॅच्युअर अशा पायऱ्या छापलेल्या असतात. चीज जितकं जास्त महिने ठेवाल तितकं ते झणझणीत लागतं. अमेरिकेत त्यालाच 'शार्प' म्हणतात. म्हणजे काळ गेला, मुरणं झालं, पण धार वाढली. मॅच्युअर आहे, मेलो नाही.

मॅच्युअर फक्त पूर्ण वाढ सांगतो. वाढीनंतर तिखटपणा आला की गोडवा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

माणसाला मेलो म्हटलं तर मराठीत काय म्हणायचं?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. 'माय फादर हॅज मेलोड' हे साधं वाक्य घ्या आणि कोशातले शब्द एकेक करून लावा.

'माझे वडील परिपक्व झाले' म्हटलं तर आतापर्यंत ते पोरकट होते असं ध्वनित होतं. 'वडील पिकले' म्हटलं की केस डोळ्यांपुढे येतात, नाहीतर पिकलं पान. 'वडील मुरले' तर भलतंच. मुरलेला राजकारणी, मुरलेला वकील म्हणजे आतल्या गाठीचा, सगळे डाव माहीत असलेला माणूस. मुरण्यात काळ आहे, अनुभव आहे, पण मऊपणा नाही; उलट अशा माणसापासून चार हात लांब राहावं असं सुचवलेलं असतं. 'मृदू झाले' पुस्तकी वाटतं. 'मवाळ झाले' बरंच जवळ जातं, पण त्या शब्दामागे जहाल-मवाळ ही राजकारणातली जोडी उभी असते, त्यामुळे एखाद्या भूमिकेवरून माघार घेतल्यासारखं वाटतं. आणि 'नरमले' म्हणजे कोणीतरी त्यांना नरमवलं, दबाव आला.

मला विचाराल तर सगळ्यात चपखल शब्द 'निवळणे' हा आहे. गढूळ पाणी स्थिर राहिलं की गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी निवळतं. त्यात काळही आहे आणि खळबळ शमणंही आहे. 'बाबा आता बरेच निवळलेत' या वाक्याला कुठल्याही घरात स्पष्टीकरण लागत नाही. तो जमत नसेल तिथे शब्दाला शब्द शोधूच नये. 'त्यांचा पूर्वीचा तापटपणा आता राहिला नाही', 'वयानुसार स्वभावातला कडकपणा ओसरला', 'आताशा पटकन चिडत नाहीत' ही वाक्यं मूळ वाक्याशी जास्त प्रामाणिक आहेत.

'पोक्त' शब्दाबद्दलही लोक विचारतात. पोक्त म्हणजे वयाने आणि अनुभवाने मोठा, सल्ला देण्याजोगा. पण दहा वर्षांची मुलगीही 'पोक्तपणे' बोलते. मेलो होण्यासाठी बराच काळ लागतो, तो दहा वर्षांच्या मुलीकडे कुठून येणार?

वय वाढलं की माणसं खरंच मेलो होतात का?

सरासरीने, हो. व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ याला 'मॅच्युरिटी प्रिन्सिपल' म्हणतात. विशीपासून मध्यम वयापर्यंत लोक साधारणपणे जास्त जबाबदार आणि जास्त जुळवून घेणारे होतात, आणि भावनांचे चढउतार कमी होतात. सरासरी म्हणजे सगळे नव्हेत. म्हातारपणी आणखी खाष्ट झालेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठी इंग्रजीत वेगळे शब्द भरपूर आहेत.

दारू मेलो की पिणारा मेलो?

दोन्ही, आणि संदर्भावरून ओळखायचं.

दारू मेलो असेल तर तिची घशाला लागणारी आग कमी झालेली असते. लाल वाइन बाटलीत राहते तसे टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तोंड आखडणारा तुरटपणा कमी होतो. व्हिस्की ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं राहून हे साधते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात याला एक जोडही आहे: ताजी दारू पिंपात भरण्याआधी शुगर मेपल लाकडाच्या कोळशाच्या जाड थरातून थेंबथेंब झिरपू देतात, आणि या कृतीचं नावच 'चारकोल मेलोइंग' आहे. 2013 पासून त्या राज्याच्या कायद्यानुसार 'टेनेसी व्हिस्की' म्हणवून घ्यायचं तर, एखादा अपवाद सोडल्यास, ही गाळणी सक्तीची आहे. अशा ठिकाणी 'सौम्य' लिहू नका. सौम्य म्हणजे कमी ताकदीची, पाणी घातलेली वाटते. मेलो व्हिस्कीत अल्कोहोल तेवढंच असतं, फक्त ती बोचत नाही. 'मुरलेली' हा शब्द माणसाला जड गेला तरी इथे नेमका बसतो.

पिणारा मेलो असेल तर तो झिंगलेला नसतो, पण कोराही नसतो. हा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकापासून चालत आला आहे. मराठीत 'रंगात आलेला' याहून चांगला शब्द मला तरी सापडलेला नाही. पुढे विसाव्या शतकात गांजाच्या नशेतल्या सैल, निवांत अवस्थेलाही हाच शब्द लागला, तेव्हा अमेरिकन संवादांचं भाषांतर करताना जरा जपून.

आवाज मेलो असतो म्हणजे काय होतं?

कुठलाही सूर एकटा नसतो. मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर वाजत असतात. वरचे उपस्वर जोरात असले की आवाज धारदार, झगझगीत लागतो. ते दबले की गोल आणि भरीव लागतो. तो दुसरा आवाज मेलो.

हातात गिटार असेल तर लगेच पाहता येईल. तीच तार, तोच सूर, एकदा ब्रिजला, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात त्या पट्टीला, लागून छेडा आणि एकदा तारेच्या मध्याजवळ. ब्रिजपाशी तार टणकन, पत्र्यासारखी वाजते. मध्याजवळ तीच तार दाट आणि ऊबदार वाजते, कारण मध्यावर छेडल्याने वरचे बरेच उपस्वर जागेच होत नाहीत. फूंकवाद्यांत हाच फरक नळीच्या आकाराने पडतो. ट्रम्पेटची नळी बरीचशी एकसारख्या जाडीची असते, तर फ्लुगेलहॉर्नची शंकूसारखी रुंदावत जाते. म्हणून सूर तोच असला तरी फ्लुगेलहॉर्न मवाळ वाजतो. इथे 'मवाळ' चालतो, वाद्याला राजकारण नसतं.

गळ्याबद्दल लिहिताना 'मधुर' हा आळशी शब्द आहे, कारण मधुर आवाज टिपेचाही असतो. 'गोलाई असलेला', 'ऊबदार', 'कानाला न टोचणारा' असं काही लिहावं. आणि आवाज खालच्या पट्टीतला असलाच पाहिजे असं नाही, हेही लक्षात ठेवावं.

मेलोफोन, मेलोट्रॉन, मेलोडी, मार्शमेलो हे सगळे याच कुळातले का?

यातला फक्त मेलोफोन खरा नातेवाईक. ते पितळी फूंकवाद्य आहे, मार्चिंग बँडमध्ये फ्रेंच हॉर्नच्या जागी वाजवतात, आणि त्याचं नाव मेलोवरूनच पडलं.

बाकीचे तोतये. मेलोट्रॉन हे 1963 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला तयार झालेलं, ध्वनिफितींवर चालणारं कळफलकवाद्य; त्याचं नाव मेलोडी आणि इलेक्ट्रॉनिक्स या शब्दांचे तुकडे जोडून केलेलं आहे. मेलोडी आणि मेलोड्रामा ग्रीकमधल्या गाणं या अर्थाच्या शब्दावरून आले. मार्शमेलोतलं मेलो तर दलदलीत वाढणाऱ्या एका झाडाचं नाव आहे, त्याचं मूळ लॅटिन, आणि इंग्रजीत त्याचं स्पेलिंगही वेगळं आहे. ती मिठाई पूर्वी त्या झाडाच्या मुळांच्या चिकापासून करत. मिठाई मऊ आहे हा निव्वळ योगायोग.

मग हा शब्द आला कुठून?

पक्कं सांगता येणार नाही असंच कोशकार म्हणतात. एक तर्क असा की तो दळलेल्या धान्याच्या पिठाला जो जुना इंग्रजी शब्द होता त्याच्याशी जोडलेला असावा, आणि मऊ या अर्थाच्या दुसऱ्या एका जुन्या शब्दाने त्याला वळण दिलं असावं. क्रियापद म्हणून तो सोळाव्या शतकात वापरात आला. पिठाचा तर्क मला आवडतो, पण आवडणं हा पुरावा नव्हे.

ऊन, रंग आणि भिंती मेलो कशा असतात?

सूर्य खाली उतरला की त्याचा प्रकाश हवेच्या जास्त जाड थरातून येतो, निळा भाग वाटेतच विखुरतो आणि पिवळा-तांबूस उरतो. दुपारच्या उन्हाची चकाकी गेलेली असते. आपल्या कोवळ्या उन्हाची इथे गल्लत होते: कोवळं ऊन सकाळचं, नुकतं आलेलं. मेलो ऊन बहुधा संध्याकाळचं असतं. 'कललेलं', 'उतरतं', 'निवलेलं ऊन' म्हणा. घरातल्या दिव्यांतही हाच भेद आहे: 2700 केल्विनचा पिवळसर दिवा मेलो, 6500 केल्विनचा पांढराफटक दिवा नाही.

रंगाबद्दल बोलताना भडकपणा गेलेला, पण फिका न पडलेला रंग समजावा. इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स भागातली घरं मधाच्या रंगाच्या चुनखडकाची आहेत आणि त्यांच्या वर्णनात हा शब्द हटकून येतो. नवी वीट लालभडक असते. ऊन, पाऊस आणि दगडफुलाने तिचा रंग बसतो, मग ती मेलो. 'जीर्ण' लिहिलंत तर घरमालक रागावेल.

जमीनही मेलो असते?

असते. ढेकळं सहज फुटतात, हाताला मोकळी लागते, पाणी आणि मुळं दोन्ही आत जातात अशी जमीन. मराठीत 'भुसभुशीत' हा तयार शब्द आहे, दुसरीकडे पाहायचं कारण नाही. थंड देशांत हिवाळ्याआधी नांगरून ठेवलेली जड जमीन गोठते, वितळते, पुन्हा गोठते आणि त्यात ढेकळं आपोआप फुटतात. काळाने मऊ होण्याची अट इथेही सुटलेली नाही.

'मेलो आउट' आणि नाम म्हणून येणारा मेलो?

1970 च्या दशकातली अमेरिकन बोली. 'मेलो आउट' म्हणजे 'जरा दमानं घे', 'ताण सोड'. ऐकणाऱ्याला ते बहुतेक वेळा टोचतंच, कारण चिडलेल्या माणसाला शांत हो म्हटलं की तो अजून चिडतो. नाम म्हणून तो 'माझी लागलेली तंद्री मोडू नकोस' अशा अर्थाच्या वाक्यांत येतो. ही वाक्यं पन्नाशीतल्या गंभीर पात्राच्या तोंडी आली तर लेखक थट्टा करतोय असं धरून चाला.

हा शब्द वापरू नये असं कुठे?

जिथे धार हवी तिथे. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर मेलो आहे असं ऐकून कोणाला धीर येईल? टीका, अग्रलेख, वादविवाद मेलो झाले म्हटलं की त्यातलं तेज गेलं असं ऐकू येतं. तरुण माणसाबद्दल म्हटलं तर तो निवांत आहे, कदाचित थोडा सुस्तही.

मराठी मजकुरात तो तसाच ठेवावा का?

आधी देवनागरीची गंमत पाहा. त्याचा पहिला 'मे' ऱ्हस्व आहे, पण आपल्या लिपीत तो वेगळा दाखवायची सोय नाही, आणि 'मेलो' लिहिलं की मराठी माणूस 'मी मेलो' वाचतो. 'ती मैफल ऐकून मेलो वाटलं' हे वाक्य छापण्यापूर्वी दोनदा विचार करा.

वाद्यं, ध्वनिमुद्रण किंवा वाइनबद्दल जाणकारांसाठी लिहीत असाल तर ठेवा, ती मंडळी बोलताना हाच शब्द वापरतात. फक्त पहिल्यांदा अवतरणचिन्हांत टाका. फळ, जमीन आणि माणूस यांच्यासाठी मराठीत पुरेसे शब्द आहेत, तिथे ठेवायची गरज पडत नाही. आणि एकाच मजकुरात तो वेगवेगळ्या अर्थांनी तीनदा आला असेल तर तिन्ही ठिकाणी एकच मराठी शब्द लावण्याचा हट्ट धरू नका, मूळ लेखकाने मुद्दाम श्लेष केला असेल तेवढं सोडून.